मॉर्फिन, ट्रॅमाडॉल आणि पॅच: घरी देताना काय पाहायचं

कोकणातल्या घरांत या औषधांचा वापर दोन टोकांना होतो. लावणीत कंबर धरली की ट्रॅमाडॉलची गोळी सहज घेतली जाते, शेजारणीच्या पाकिटातली असली तरी चालते. आणि त्याच वाडीत कर्करोगाचा रुग्ण रात्रभर कण्हत असतो. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलेलं असतं, पण ‘एवढ्यात नको, सवय लागेल’ म्हणून ते फडताळात पडून असतं. दोन्ही औषधं एकाच कुळातली, ओपिऑइड. पहिल्या घरात भीती कमी पडते, दुसऱ्या घरात नको तितकी होते. प्रत्यक्षात माहीत असाव्या लागतात त्या तीन गोष्टी: मात्रा किती, वेळ कोणती आणि पोटात त्याबरोबर दुसरं काय काय गेलं आहे. घरी होणारे अपघात बहुतेक या तिन्हींपैकी एक चुकल्यामुळे होतात.

खालचे मात्रेचे आकडे डॉक्टरांची चिठ्ठी नीट समजावी म्हणून दिले आहेत. त्यावरून स्वतःची मात्रा ठरवायची नाही.

हातात नेमकं काय आहे

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल ही ओपिऑइड नाहीत. पहिल्या तिन्हींचा त्रास पोटाला आणि मूत्रपिंडाला होतो, पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताला. ओपिऑइडचं काम वेगळं. मेंदूत आणि मज्जारज्जूत त्यांचे ठरावीक रिसेप्टर असतात, तिथे चिकटून ती दुखण्याचा निरोप अडवतात. तेच रिसेप्टर श्वासाचा वेग सांभाळणाऱ्या केंद्रात आणि आतड्यांतही असतात. म्हणून दुखणं कमी होतं तेव्हाच पोट साफ होईनासं होतं, आणि मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो.

आपल्याकडे घरी दिली जाणारी मुख्य औषधं म्हणजे ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन (जास्त करून खोकल्याच्या औषधात), मॉर्फिन, आणि फेंटॅनिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी). पाकिटावर ‘एनआरएक्स’ अशी लाल अक्षरं किंवा लाल चौकटीतली सूचना दिसली, तर हे औषध चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि मेडिकलवाल्याला त्याची नोंद ठेवावी लागते. तो चिठ्ठी मागतो म्हणून त्याच्याशी वाद घालू नका, तो त्याचं काम करतोय.

पाकीट वाचताना ब्रँडचं नाव नाही, खालची बारीक अक्षरं वाचायची. अल्ट्रासेटसारख्या गोळीत ट्रॅमाडॉल ३७.५ मि.ग्रॅ. आणि पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ. असं दोन्ही असतं. गुडघ्यासाठी कुणी अशा दिवसाला आठ गोळ्या घेत असेल, तर पॅरासिटामॉल २६०० मि.ग्रॅ. झालंच. त्यात अंगात कसर आहे म्हणून पॅरासिटामॉल ६५० च्या तीन गोळ्या घेतल्या, की १९५० ची भर पडून ४५५० होतं. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. वय झालेल्या, कृश किंवा रोज दारू घेणाऱ्या माणसाला त्याहूनही कमी धरतात. वेगवेगळ्या नावांची दोन पाकिटं घरात असली, की ही चूक हमखास होते.

चिठ्ठीवरच्या खुणाही समजून घ्या. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. एसओएस म्हणजे लागली तरच. यातलं एसओएस सगळ्यात घोटाळ्याचं. ‘लागली तर’ म्हणजे किती तासांनी आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा, हे दोन आकडे चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.

ट्रॅमाडॉल हलकं नाही

ट्रॅमाडॉल ‘साधी दुखण्याची गोळी’ म्हणून खपते, ते तितकं साधं नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मि.ग्रॅ. आणि पंचाहत्तरीच्या पुढे ३०० ही वरची हद्द आहे. ती ओलांडली तर फिट येऊ शकते, आणि ज्याला आधीपासून फिट येतात त्याला हद्दीच्या आतही येऊ शकते. नैराश्यासाठी किंवा झोपेसाठी एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, अमिट्रिप्टिलिन चालू असेल, तर दोन्ही मिळून सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढतं. हातपाय थरथरणं, घाम, ताप, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. साखरेच्या रुग्णाची साखर ट्रॅमाडॉलने अचानक खाली जाऊ शकते. उलटीसाठी दिलेलं ऑन्डॅनसेट्रॉन ट्रॅमाडॉलचा उपयोगच कमी करतं, म्हणून दोन्ही एका चिठ्ठीवर असतील तर विचारा. बारा वर्षांखालच्या मुलाला ट्रॅमाडॉल आणि कोडीन दोन्ही देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती टाळतात. काहींचं शरीर कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने करतं, आणि ते दुधातून बाळाला जातं.

गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा हाड मोडल्यावर ही गोळी दिली असेल, तर बहुतेकदा तीन ते सात दिवस पुरतात. त्यानंतर पॅरासिटामॉलवर भागतं. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीला मात्र ओपिऑइडचा फायदा थोडा आणि मागे लागणारं लचांड मोठं. तिथे फिजिओथेरपी, वजन आणि उचलण्याची पद्धत यांवर वेळ घालवलेला बरा.

मॉर्फिन घड्याळावर चालतं

कर्करोगाच्या दुखण्यात नियम सोपा आहे: तोंडाने आणि घड्याळाने. दुखू लागल्यावर गोळी द्यायची असं नाही. दुखणं परत येण्याआधी द्यायची. साध्या, म्हणजे लगेच विरघळणाऱ्या गोळीचा परिणाम अर्ध्या तासात सुरू होतो आणि चार तास टिकतो. म्हणून चार-चार तासांचं चक्र लावतात: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्री २ ला कुणाला उठवायला नको म्हणून १० ची मात्रा बहुधा दुप्पट लिहिलेली असते. ही दुप्पट पाहून घरचे घाबरतात आणि एकच गोळी देतात, मग पहाटे तीनला रुग्ण दुखण्याने जागा होतो. चिठ्ठीत तसं असेल तर तसंच द्या.

सुरुवात साधारण ५ ते १० मि.ग्रॅ.पासून होते, वृद्धांना २.५ ते ५. मूत्रपिंड कमकुवत असेल तर मॉर्फिनचे अवशेष अंगात साचत जातात. तेव्हा मात्रा कमी करतात, वेळ लांबवतात किंवा औषधच बदलतात. लघवीचं प्रमाण एकदम घटलं तर लगेच कळवायचं ते याचसाठी.

मधेच दुखणं उसळलं तर जादा मात्रा असते. ती दिवसाच्या एकूण मात्रेच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकी धरतात: दिवसाला ६० मि.ग्रॅ. चालू असेल तर १०. जादा दिली म्हणून नेहमीची वेळ पुढे ढकलायची नाही. रोज तीन-चार वेळा जादा द्यावी लागत असेल, तर मूळ मात्राच कमी पडतेय असा अर्थ, आणि ती डॉक्टर वाढवतील. मॉर्फिनला ‘कमाल मात्रा’ असा ठरीव आकडा नाही. दुखण्याच्या मानाने ती पायरी-पायरीने चढवतात.

एसआर लिहिलेली, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी गोळी बारा तासांची असते, दिवसातून दोनदा. ती कुटायची नाही, चावायची नाही, अर्धी करायची नाही. पेजेत कालवून दिली तर बारा तासांचं औषध तासाभरात अंगात जातं. गिळता येत नसेल किंवा नाकातून नळी असेल, तर साधी गोळी लिहून मागा. ती कुस्करून पाण्यातून देता येते.

एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर नेहमीचीच मात्रा द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम नाही. गोळीनंतर लगेच उलटी झाली आणि गोळी अख्खी दिसली, तरी फोन करून विचारल्याशिवाय पुन्हा देऊ नका.

वहीचं पान

घरात औषध देणारी माणसं चार: सून, मुलगा, रात्रीला बसणारा भाचा, सकाळी येणारी काकी. ‘मी दिली’, ‘मला वाटलं तू दिलीस’ यातून दुहेरी मात्रा जाते. यावर उपाय म्हणजे उशाशी बांधून ठेवलेली साधी वही. पान असं दिसावं:

मंगळवार. सकाळी ६: मॉर्फिन १० दिली (मीना). दुखणं १० पैकी ६. ७ वाजता दुखणं २. सकाळी १०: १० दिली (मीना). दुपारी १२.३०: कूस बदलताना दुखलं, जादा १० दिली (सुरेश). दुपारी २: १० दिली. जेवला अर्धा. संडास नाही, दुसरा दिवस. उरलेल्या गोळ्या ४१.

गोळी तोंडात गेल्यावर लिहायचं, आधी नाही. दुखण्याचा आकडा रुग्णाला विचारून, आपल्या अंदाजाने नाही. आजोबा ‘बरं आहे’ म्हणतात पण कपाळावर आठ्या असतात, मग आठ्यांचंही लिहा. पुढच्या भेटीला डॉक्टरांना या वहीइतकी उपयोगाची दुसरी गोष्ट नसते. उरलेल्या गोळ्यांचा आकडा रोज लिहिला, तर कुणी हात मारत असेल तेही तिसऱ्या दिवशी कळतं.

पोट साफ होणं

गुंगी दोन-तीन दिवसांत ओसरते, मळमळ आठवड्यात. खाज आणि तोंड कोरडं पडणं सोसता येतं. पण बद्धकोष्ठ जात नाही. औषध चालू असेपर्यंत ते असतं, आणि लोक मॉर्फिन सोडतात ते बहुतांशी यामुळेच. म्हणून पहिल्या गोळीबरोबर जुलाबाचं, म्हणजे पोट साफ करणारं औषधही सुरू व्हायला हवं: बिसाकोडिल किंवा सेन्नासारखं आतड्याला हलवणारं, गरज पडली तर मल मऊ करणारं लॅक्ट्युलोजही. चिठ्ठीवर नसेल तर मागा.

इथे घरोघरी इसबगोल काढलं जातं, ते मात्र नको. इसबगोल पाणी शोषून फुगतं, आणि ओपिऑइडने आतडं ढिम्म झालेलं असतं. कमी पाणी पिणाऱ्या रुग्णात तो फुगलेला गोळा आत अडकतो. पेज, सोलकढी, कोकम सरबत, पिकलं केळं हे सगळं चांगलं, पण औषधाच्या जोडीला. सलग तीन दिवस संडास झाली नाही तर कळवा. पोट फुगलं, उलट्या होत आहेत आणि वायूही सरत नाही, असं असेल तर जुलाबाचं औषध देऊ नका. ते आतडं अडकल्याचं लक्षण असू शकतं, रुग्णालय गाठा.

प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडू शकते. सात-आठ तास लघवी नाही आणि ओटीपोट टणक, तर थांबू नका.

कशाबरोबर नको

दारू नको. माडी, काजूची, फेणी, बाटलीतली, सगळी एकच. शिमग्याला पाहुणे आले, ‘थोडीशी घेतली तर झोप लागेल’ असं कुणीतरी म्हणतंच. दारू आणि ओपिऑइड दोन्ही श्वासाचं केंद्र दाबतात, आणि काही लांब टिकणाऱ्या गोळ्या दारूत झपाट्याने सुटतात.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम), प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, कोडीनचं कफ सिरप हे सगळं गुंगीत गुंगी घालतं. यातलं काही डॉक्टर जाणूनबुजून एकत्र देतात, उदाहरणार्थ नसांच्या दुखण्याला प्रीगॅबालिन, पण मग मात्रा बेताने ठरवलेली असते. धोका होतो तो दोन वेगळ्या डॉक्टरांनी, एकाला दुसऱ्याचं माहीत नसताना, दोन्ही लिहिलं तर.

पावसाळ्यात नायटा, गजकर्ण झालं की इट्राकोनॅझोल दिलं जातं. फेंटॅनिलचा पॅच असलेल्या माणसात ते फेंटॅनिल यकृतात मोडू देत नाही. पॅच तोच, मात्रा मात्र चढते. क्लॅरिथ्रोमायसिनचंही तसंच. उलट क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन बऱ्याच ओपिऑइडचा परिणाम उतरवतं. त्वचेच्या डॉक्टरकडे जातानाही सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. नावं सांगण्यापेक्षा पाकिटं दाखवलेली बरी. घोरताना श्वास थांबणारे, जुना दमा असलेले किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेल्या आजी यांच्याबाबतीत हे जास्तच पाळायचं.

सुरुवातीच्या दिवसांत आणि प्रत्येक वाढीनंतर दुचाकी, होडी, कोयती, माडावर चढणं बंद.

पॅच

फेंटॅनिलचा पॅच ७२ तासांचा, ब्युप्रेनॉर्फिनचा सात दिवसांचा. पॅचचं औषध कातडीखाली साठून मग रक्तात जातं, त्यामुळे पहिला परिणाम यायला फेंटॅनिलला १२ ते २४ तास लागतात आणि काढल्यावरही जवळजवळ दिवसभर औषध अंगात राहतं. ‘लावला, तासाभरात काही झालं नाही’ म्हणून दुसरा लावायचा नाही. ताशी २५ मायक्रोग्रॅमचा फेंटॅनिल पॅच म्हणजे दिवसाला तोंडाने सुमारे ६० मि.ग्रॅ. मॉर्फिन. ज्याने याआधी ओपिऑइड घेतलेलं नाही त्याला तो जीवघेणा ठरू शकतो. आजोबांचा उरलेला पॅच आजीच्या पाठीला लावण्याचा विचारही मनात आणू नका.

लावायची पद्धत: छाती, पाठीचा वरचा भाग किंवा दंड निवडा. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका, सोललेल्या कातडीतून औषध जास्त जातं. नुसत्या पाण्याने पुसा. साबण नको आणि खोबरेल तेल अजिबात नको, तेलकट कातडीवर पॅच धरत नाही. पूर्ण सुकू द्या. दमट हवेत हीच पायरी घाईत होते आणि दुसऱ्या दिवशी पॅच चादरीला चिकटलेला सापडतो. लावून तळहाताने तीस सेकंद दाबा, कडा विशेष. वहीत तारीख, वेळ, जागा लिहा. पुढचा दुसऱ्या जागी. पॅच कापायचा नाही.

उष्णतेने औषध झपाट्याने सुटतं. शेकाची पिशवी, भर उन्हात बसणं, चुलीपुढे तास घालवणं, कढत पाण्याची आंघोळ हे सगळं पॅचच्या जागेला लागू नये. १०२ च्या वर ताप आला तर फोन करा आणि गुंगीवर लक्ष ठेवा. पॅच पडला तर नवा दुसऱ्या जागी लावून ७२ तास तिथून मोजा.

वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं. काढला की चिकट बाजू आत घेऊन मधोमध दुमडा, कडा नखाने दाबून चिकटवा, मग नव्या पॅचच्या रिकाम्या पाकिटात घालून कुलपाच्या डब्यात ठेवा. अंगणात, चुलीत किंवा कचऱ्याच्या ढिगात नाही. रांगणारं मूल तो उचलून तोंडात घालतं किंवा हाताला चिकटवून घेतं. असं झालंच तर पॅच ओढून काढा, जागा नुसत्या पाण्याने धुवा आणि मूल झोपाळलेलं दिसायची वाट न पाहता रुग्णालयात न्या.

जास्त झालं हे कसं ओळखायचं

झोपलेल्या माणसाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, छातीवर हात ठेवून. मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. १० च्या खाली आले तर पुढची गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. ८ च्या खाली, किंवा हाक मारून, खांदा हलवून, छातीच्या हाडावर मुठीने चोळूनही जाग येत नाही, घशातून घरघर येते, ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: ही आणीबाणी.

१०८ ला फोन करा. पॅच असेल तर काढा. कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे घ्या, तोंड थोडं खाली, म्हणजे उलटी झाली तर बाहेर येईल. श्वासच थांबला तर तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबण्याची पद्धत तुम्हाला येत असेल तर तीही दाबा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं, कॉफी, डोक्याला लिंबू चोळणं, थंड पाण्याची बादली ओतणं, धरून चालवणं यातलं काही करू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. औषधांची पाकिटं आणि वही रुग्णवाहिकेत सोबत द्या.

रुग्णालयात ओपिऑइडचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन देतात. माणूस मिनिटा-दोन मिनिटांत डोळे उघडतो, आणि नातेवाईक ‘आता बरा आहे’ म्हणून घरी न्यायला निघतात. नॅलोक्सोन अर्धा ते दीड तास टिकतं. एसआर गोळी किंवा पॅच त्याहून कितीतरी जास्त. ते उतरलं की श्वास पुन्हा मंदावतो. डॉक्टर ठेवून घेत असतील तर राहा.

शेवटच्या दिवसांतल्या रुग्णाचा श्वास आपोआपही संथ आणि अनियमित होतो. तो मॉर्फिनमुळेच असं नाही. दुखण्याच्या मानाने बेताने चढवलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. अशा रुग्णासाठी काय करायचं आणि १०८ बोलवायचं का, हे पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्याकडे पाहणाऱ्या विभागाच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

सवय लागेल का, आणि बंद कसं करायचं

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आठ-पंधरा दिवस सलग घेतल्यावर शरीर औषधाला सरावतं, ते कुणाचंही. अचानक थांबवलं तर जांभया, नाक गळणं, घाम, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, झोप उडणं असं होतं. हे व्यसन नव्हे. व्यसन म्हणजे दुखणं नसतानाही गोळीमागे धावणं, दोन दवाखान्यांतून चिठ्ठ्या घेणं, ‘हरवल्या’ म्हणून लवकर मागणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं. कर्करोगाच्या दुखण्यात नीट देखरेखीखाली ते क्वचित होतं. कंबरदुखीवर वर्षभर ट्रॅमाडॉल खाणाऱ्यात ते जास्त दिसतं, आणि त्याची कुणाला भीती वाटत नाही हे विशेष.

बंद करताना पायरी-पायरीने: चालू मात्रेच्या दहा ते पंचवीस टक्के एका वेळी, मधे काही दिवस, त्रास झाला तर त्याच पायरीवर थांबायचं. वेळापत्रक डॉक्टर देतील. लाजेखातर दवाखान्यात जायचं टाळत असाल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्याची १४४१६. दोन्ही मोफत. थांबवून काही आठवडे झाल्यावर पुन्हा जुनी मात्रा घेऊ नये. शरीराचा सराव गेलेला असतो, मृत्यू होतात ते अशा वेळी.

मिळवणं, साठवणं, नेणं

आपला देश मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू (मॉर्फिन तिच्यापासूनच निघतं) पिकवतो, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि तरी तालुक्याच्या मेडिकलमध्ये मॉर्फिनची गोळी सहसा मिळत नाही. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याने रुग्णालयांनाही इतके परवाने लावले होते की बहुतेकांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथॅडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये याच कायद्याखाली आलं.

म्हणून विचारायचं ते असं: ‘इथे तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळतं का? पॅलिएटिव्ह विभाग आहे का?’ रत्नागिरी, ओरोस, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयांत विचारा. चिपळूणकडच्यांनी डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात, सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांनी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार चालू असतील तर तिथला पॅलिएटिव्ह विभाग गावाजवळचं केंद्र सुचवू शकतो. पॅच महाग आहे, मॉर्फिनची गोळी स्वस्त. गिळता येत असेल तर पॅचचा हट्ट धरू नका.

पावसाळ्यात हिशेब आधी मांडा. १० च्या गोळीचं वरचं चक्र असेल, तर रात्रीची दुप्पट धरून दिवसाला सहा गोळ्या. जादाच्या दोन धरल्या तर आठ. चौदा दिवसांना ११२. शेवटच्या पाच दिवसांचा साठा, म्हणजे ४० गोळ्या उरल्या की माणूस पाठवायचा. दरड कोसळून कुंभार्ली, आंबा नाहीतर आंबोलीचा घाट बंद झाला आणि रेल्वेही थांबली, तरी रुग्णाचे दोन-तीन दिवस कोरडे जाऊ नयेत. रुग्णाऐवजी नातेवाईक गेला तर चालेल का, कोणते कागद लागतील, हे जूनच्या आधी विचारून ठेवा.

गोळ्या पाकिटातच ठेवा, सुट्या काढून बरणीत नाही, दमट हवेत त्या मऊ पडतात. घट्ट झाकणाचा डबा, कुलूप, किल्ली एकाच माणसाकडे. फ्रिज नको. गणपतीत घर माणसांनी भरतं, मुलं सगळीकडे हात घालतात, तेव्हा डबा देवघराशेजारच्या उघड्या फळीवर नसावा.

प्रवासात पाकीट आणि चिठ्ठी बरोबर ठेवा. आखातात जाणाऱ्यांनी विशेष जपा. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल आणि कोडीन नियंत्रित औषधं आहेत, स्वतःच्या वापरासाठीसुद्धा तिथल्या सरकारची आगाऊ ऑनलाइन परवानगी लागते. ‘भावाला देशील’ म्हणून कुणी लोणच्याबरोबर गोळ्यांचं पाकीट दिलं तर उघडून बघा, आणि नाही म्हणा.

रुग्ण गेल्यावर किंवा औषध बदलल्यावर उरलेलं मॉर्फिन आणि पॅच जिथून आणले तिथेच परत करा, गोळ्या मोजून आणि परत केल्याची नोंद चिठ्ठीवर करून घेऊन. ते शक्यच नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहापत्तीत आणि मातीत कालवा, पिशवी घट्ट बांधा आणि नगरपंचायतीच्या गाडीत घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या. विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात किंवा वहाळात टाकू नका.